महेबूबचाचांचं लाल फूल

लाल गुलाब मागायला आलेल्या माणसाला महेबूबचाचा आधी विचारायचे, "कुणासाठी?" उत्तर मिळेपर्यंत फुलाला हात लावायचे नाहीत. दर्ग्यासाठी म्हटलं की देठ काढून नुसत्या पाकळ्या पानात बांधून द्यायचे. नवरदेवाच्या सेहऱ्यासाठी अर्धवट उमललेल्या कळ्या निवडायचे. पुढाऱ्याच्या हाराला बादलीतली सगळ्यात शिळी फुलं जायची. "गळ्यात पडलं की लगीच काढून फेकनार. ताजं कावून द्यायचं?" पण मयतीसाठी कुणी आलं तर दुकानात कितीही गर्दी असो, देठावरचा एकेक काटा नखानं खुडून मगच फूल हातात द्यायचे. त्याचं कारण मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जित्या मानसाला काटा लागला तर तो हात तरी झटकतो."

केजच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवते. शाळा सुटल्यावर गाडीला अवकाश असला की त्यांच्या बाकड्यावर टेकायची. पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि हार ओवून ओवून टोकाला चपटी झालेली बोटं. त्यांच्या वडिलांची युसूफ वडगावला विहिरीवर गुलाबाची बाग होती. विहीर आटली, बाग गेली. तिथली एक फांदी चाचांनी दुकानामागं तेलाच्या डब्यात जगवली होती. विकायची फुलं मात्र पुण्याकडून यायची, लांब देठाची, जाळीच्या टोप्या घातलेली. ती सोडवताना चाचा नाक मुरडायचे. "ह्याला वास न्हाई बाई. नुसतं तोंड रंगवलंय."

त्यांची शाळा चौथीला सुटली होती. पण गुलाबाबद्दल ते बोलू लागले की मी वर्गात काय शिकवते, याची मला लाज वाटे. "गुलाब हितला न्हाई. इरानातून आला. गुल म्हंजे फूल, आब म्हंजे पानी. तिकडं गुलाब म्हंजे निस्तं फुलाचं पानी. आपन अख्ख्या झाडालाच त्ये नाव देऊन टाकलं." आधी गुलाब पांढरा होता, बुलबुल त्याच्यावर जीव लावून बसला, काटा छातीत गेला आणि त्या रक्तानं फूल लाल झालं, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, ग्रीक लोकांच्या कथेत प्रेमाच्या देवीच्या पायात काटा रुततो आणि तिच्या रक्तानं पांढरा गुलाब लाल होतो. चाचा ओवायचे थांबले. "म्हंजे तितंबी रगातच?" इंग्लंडात दोन राजघराणी लढली, एकाचं चिन्ह लाल गुलाब, दुसऱ्याचं पांढरा, हे सांगितल्यावर ते हसले. "फूल घेऊन कुनी लढतं व्हय?"

अश्विनी आमच्या शाळेतली मुलगी. शेतकरी घरातली, रोज वडापच्या जीपनं यायची. दहावीला ती शाळेत पहिली आली. सत्काराचा हार घ्यायला मी तिलाच बरोबर घेऊन चाचांकडं गेले. पहिली आली म्हटल्यावर चाचा उठले, मागं गेले आणि डब्यातल्या झाडाचं एकुलतं एक फूल खुडून घेऊन आले. आकारानं लहान, पण असा दरवळ की शेजारचा चहावाला वळून बघू लागला.

"घे पोरी. ह्ये दुकानातलं न्हाई, घरचं हाय."

अश्विनी लाजली. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवल्यावरच तिनं घेतलं.

"माझ्या रुखसानाला मीच सातवीतनं काढली," चाचा म्हणाले. "लई रडली. तवा मला वाटलं, पोरीच्या जातीला काय करायचंय शिकून. आता तिच्या लेकरांची वही तपासायला ती शेजारनीकडं जाते. तू थांबू नगंस बेटा. कुनी म्हनलं तरी थांबू नगंस."

अश्विनीनं ते फूल विज्ञानाच्या पुस्तकात ठेवलं. अकरावीला आमच्याच शाळेत राहिली. येता-जाता चाचांना हात करायची.

फेब्रुवारीत तिच्या थोरल्या भावाला ते पुस्तकात सापडलं. वाळून काळपट झालेलं, तरी लालच. व्हॅलेंटाइनचा आठवडा, गावभर लाल गुलाबांचीच चर्चा. कुणी दिलं, म्हणून त्यानं विचारलं. तिनं खरं ते सांगितलं, फुलवाल्या चाचांनी. ते नाव ऐकून तो आणखी भडकला. म्हातारा कुणाचा तरी निरोप्या असणार, त्यांच्यातल्याच एखाद्या पोराचं फूल त्यानं पोचवलं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा मित्रांना घेऊन तो दुकानावर गेला. बादल्या पालथ्या केल्या. तेलाचा डबा लाथेनं उडवला. चाचांची दाढी धरली.

चाचा एवढंच म्हणत राहिले, "बाई हुत्या तितं. बाईंना विचारा."

तिथून ते तिघं शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावणं आलं. दारातच सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, प्रकरण वेगळ्या वळणावर जाईल. तुम्ही यात पडू नका." आत तिघं उभे होते. भावाच्या हातात ते पुस्तक होतं.

"तुमी हुत्या का तितं, म्याडम?"

मला सगळं आठवत होतं. तो वास, चहावाल्याचं वळून बघणं, रुखसानाचं नाव. मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही."

त्यानं पुस्तक मिटलं आणि तो निघून गेला. या सगळ्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

अश्विनी परत शाळेत आली नाही. सतराही पुरी नव्हती ती. तीन आठवड्यांत लग्न ठरल्याचं कानावर आलं. बालविवाह म्हणून तक्रार करता आली असती. तीही मी केली नाही. झोप उडाली तेव्हा एका रविवारी जीप धरून तिच्या गावी गेले. दारात मांडवाचे बांबू उतरवणं चाललं होतं. तिची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी घडलेलं सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. "आता काय सांगता बाई? परवाच अक्षता पडल्या."

चाचांना तोंड दाखवायला मला महिना लागला. ते बाकड्यावर बसून शेवंती ओवत होते. मला बघून बाजूला सरकले, जागा केली. हाराची गाठ मारून विचारलं, "तुमी न्हाई म्हनलात, बाई?"

"आठवत नाही म्हणाले."

त्यांनी मान हलवली. "तुमालाबी घर हाय, लेकरं हाईत." रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी लाल गुलाब ठेवणं बंद केलं. झेंडू, शेवंती, निशिगंध. लाल मागितलं की "न्हाई" म्हणायचे आणि कारण सांगायचे नाहीत. डब्यातलं झाड पुन्हा लावून बघितलं, पण मुळं उघडी पडली होती, ते धरलं नाही. बोलणं आटलं. मी इराणचं काही विचारलं तर म्हणायचे, "इसरलो सगळं." एकदाच आपणहून म्हणाले, "मी तिला थांबू नगं म्हनलं, आन मीच थांबवली." मी म्हटलं, चाचा, थांबवली मी.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपले. मी घरी गेले तेव्हा रुखसाना माझा हात धरून रडली. "अब्बा तुमचं नाव लई घ्यायचे. बाई लई शिकलेल्या हायत म्हनायचे." मला तिथं बसवेना.

दिवाळीनंतर स्टँडवर अश्विनी दिसली. कडेवर एक मूल, दुसरं पदराला. वीस वर्षांची बाई चाळिशीची दिसत होती. तिनंच हाक मारली. चाचा गेल्याचं मी सांगितलं. तिला माहीत नव्हतं. मग मी, इतक्या वर्षांनी, त्या खोलीत काय म्हणाले ते तिला सांगितलं.

"मला दादानं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "पर मला खरं वाटलं न्हवतं. मी आईला म्हनलं, म्याडम खोटं बोलायच्या न्हाईत, दादाच बनवून सांगतोय. त्या सोता येतील बघ." मुलाचं नाक तिनं पदरानं पुसलं. "हळद लागंपस्तोर मी दारातच हुते, म्याडम. जीप आली की बघायची."

तिची गाडी लागली. मुलाला पुढं ढकलत ती गर्दीत चढली. खिडकी तिला मिळाली नाही.