मागची चकती

गाडी स्टँडवर लावली की मिस्त्री आधी गाडीकडे बघतच नसत. माणसाकडे बघत. तळहातावर तंबाखू मळता मळता एकच विचारत, "पळायचंय का वढायचंय?"

"दोन्ही," असं म्हणणारा हमखास भेटायचा. मग मिस्त्री त्याला बाकड्यावर बसवत आणि मागच्या चाकाची दातेरी चकती, जिच्यावर चेन फिरते ती, काढून त्याच्या मांडीवर ठेवत. "ही मोठी बसवली तर गाडी वढंल, पळणार न्हाई. बारकी बसवली तर पळंल, वढणार न्हाई. दोन्ही करणारं जनावर अजून जलमलं न्हाई. मानसात बी न्हाई."

तुमच्याही गावाच्या फाट्यावर असा एखादा मिस्त्री असेल, म्हणून तुम्हाला ओळखू येतील. नेकनूरच्या अलीकडे, आमच्या फाट्यावर, पत्र्याच्या टपरीत त्यांचं दुकान होतं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याखाली आयटीआयचं प्रमाणपत्र. सकाळी दुकान उघडलं की दोन्ही एकाच धुतलेल्या फडक्यानं पुसत. मगच पान्याला हात.

इंजिनाचा प्लग काढून ते उजेडात धरत, डॉक्टरनं जीभ बघावी तसा. "काळा पडला म्हंजी लई खाती. पांढरा म्हंजी उपाशी हाय. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला की पोट बराबर." पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून आतला आवाज ऐकत. त्या वेळी कुणी बोललं तर नुसता हात वर करत. एकदा आमचे तात्या बोलायला लागले, तेव्हाही हात वर झाला. तात्या म्हणजे माझे चुलते, दूध संस्थेचे चेअरमन. ते चक्क गप्प बसले. त्यांना गप्प बसवणारा दुसरा हात मी आमच्या भागात पाहिला नाही.

मिस्त्री माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला अहो-जाहो. आमच्या घरात त्यांच्या वस्तीतल्या माणसांशी तसंच बोलत, आणि मला त्यात काही खटकलं नाही. आज लिहिताना 'ते' लिहितो आहे. समोर होते तेव्हा एकदाही म्हणालो नाही.

मी संस्थेचा सेक्रेटरी होतो. चुलते चेअरमन असल्यावर त्यासाठी वेगळी लायकी लागत नाही. संस्थेच्या सहा मोटारसायकली होत्या. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून त्या मांजरसुंब्याचा घाट उतरायच्या, खाली शीतकरण केंद्रावर दूध घालायच्या आणि घाट चढून परत यायच्या. सहाही गाड्या मिस्त्रींच्या हातच्या. सगळ्यांना त्यांनी मोठ्या चकत्या बसवलेल्या. गाड्या कण्हत चालायच्या, पण ओझ्यापुढे कधी मागं हटल्या नाहीत. मिस्त्री स्वतः संस्थेचे सभासदही होते. एक म्हैस होती त्यांची.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. जनावरं चारा छावणीत बांधलेली, टँकर दोन दिवसांआड. ऊन असं की केंद्रावर पोचेपर्यंत दूध फाटायचं. नऊच्या पुढं गेलेले कॅन केंद्रवाले फाटकातूनच परत करायचे. छावणीत पाटीभर चाऱ्यावर जनावर उभं करून बाईनं काढलेलं ते दूध आम्ही घाटात ओतून देत होतो. तात्या मला म्हणाले, "काय बी कर, नऊच्या आत दूध पोचव."

मी मिस्त्रींकडे गेलो. म्हणालो, "सगळ्या गाड्यांना बारक्या चकत्या टाक. पळाल्या पाहिजेत."

त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "पळतील. पण शेक्रेटरी, उताराला इंजिन गाडीला धरून ठेवतं, ते धरणार न्हाई. सगळं ब्रेकवर येईल. अन् वर दोन कॅनचं वजन. त्यापरीस अर्धा घंटा आधी निघायला लावा. कॅनला वलं पोतं गुंडाळा."

अर्धा तास आधी निघायचं म्हणजे धारा आधी काढायच्या, म्हणजे छावणीतल्या शंभर लोकांशी मी बोलायचं. मला त्याचा कंटाळा आला. इतकंच कारण होतं. मी म्हणालो, "सांगतो तेवढं कर. जबाबदारी माझी."

"तेवढं चिठ्ठीवर लिवून देता का?"

"कावून? भरवसा न्हाई का माझ्यावर?"

ते ओशाळले. खरंच ओशाळले, जणू त्यांच्याकडूनच काही आगळीक झाली. "तसं न्हाई वो," म्हणाले, आणि दोन दिवसांत सहाही गाड्यांच्या चकत्या बदलून दिल्या.

पंधरा दिवस दूध वेळेत पोचलं. तात्यांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. सोळाव्या की सतराव्या दिवशी घाटात अंकुशला अपघात झाला. अंकुश आमचा सगळ्यात जुना दूधवाला, मिस्त्रींच्या टपरीवर रोज चहाला बसणारा. वळणावर समोरून टँकर आला. ब्रेक तापलेले होते, ते लागलेच नाहीत. कॅनसकट तो कठड्यावर आदळला. जीव वाचला, डावा गुडघा कायमचा गेला.

चार दिवसांनी संचालकांची बैठक झाली. आम्ही खुर्च्यांवर. मिस्त्रींना बोलावलं होतं, पण खुर्ची कुणी दिली नाही. ते दारात उभे राहिले.

"चकत्या कुणी बदलल्या?" तात्यांनी विचारलं.

"मी बसवल्या," मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडे होता. मी पेनाचं टोपण काढत होतो.

"कुणाला इचारून?"

"शेक्रेटरींना इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "गाड्या लवकर पोचल्या पाहिजेत, एवढंच मी बोललो होतो."

ते खोटं नव्हतं, म्हणून माझी जीभ अडखळली नाही. मी आणि ते, यांतल्या कुणाचं खरं धरायचं, असा प्रश्न त्या खोलीत कुणाला पडलाच नाही. मी त्याच बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: 'मेकॅनिकने स्वतःच्या मर्जीने चकत्या बदलल्यामुळे अपघात झाला. यापुढे त्यांच्याकडून संस्थेचे काम घेऊ नये. सर्वानुमते मंजूर.' माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत बक्षीस होतं.

इथंच थांबलं असतं तर मी स्वतःला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण सहकारी संस्थेत प्रत्येक गोष्ट सभेपुढं वाचावी लागते. वर्षाच्या सर्वसाधारण सभेत, शाळेच्या मैदानावरच्या मंडपात, मी अहवाल वाचत होतो. दुधाचे आकडे झाले, छावणी झाली, अपघाताचा परिच्छेद झाला. मागच्या रांगेतून मिस्त्री उठले.

"शेक्रेटरी, ते अपघाताचं परत एकदा वाचता का?"

"कावून बे, ऐकू न्हाई आलं का?" कुणीतरी ओरडलं. "इंजिनाला कान लावू लावू बहिरा झाला ह्यो." मंडप हसला.

"आलं. परत आयकायचंय."

मला कळलं होतं. त्यांना ऐकायचं नव्हतं. मला थांबायला ते एक जागा करून देत होते, तीही सगळ्यांसमोर, स्वतः हसं करून घेऊन. त्या वाक्याशी मी अडलो असतो, नुसता अडलो असतो, तरी पुरलं असतं.

मी परत वाचलं. पहिल्यापेक्षा स्वच्छ आवाजात वाचलं.

"बराबर," ते म्हणाले. "लिवलंय तसंच वाचलं तुमी." आणि खाली बसले. सभा सोडून गेले नाहीत. आभार होईपर्यंत बसले, इतरांबरोबर चहा घेतला, कप विसळून ठेवला.

त्यानंतर गावातल्या गाड्याही त्यांच्याकडे जाईनाशा झाल्या. 'उताराला मारील,' असं लोक म्हणायचे. माझी स्वतःची गाडी मी नेकनूरला दाखवायला लागलो, आणि फाटा आला की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला बघायला शिकलो. वर्षभरात टपरीला कुलूप लागलं. मिस्त्री मुलाकडे वाळूजला गेले, असं कळलं. मी गेलो नाही. पत्ता मिळाला असता. वाळूज काही फार लांब नाही.

दोन वर्षांपूर्वी ते तिकडेच वारल्याची बातमी आली. तात्याही आता नाहीत, मीही सेक्रेटरी नाही, नुसता सभासद आहे. त्या वर्षीच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत मी उठलो. चकत्या माझ्या सांगण्यावरून बदलल्या होत्या, मिस्त्रींनी मला आधी बजावलं होतं, तो ठराव चुकीचा आहे आणि तो रद्द करावा, असं सगळं सांगितलं.

नवा चेअरमन पोरसवदा आहे, मला काका म्हणतो. "सूचक तुमी," तो म्हणाला. "अनुमोदक कोण?"

कुणी हात वर केला नाही. लोक माझ्याकडे बघत होते, पण रागानंही नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, गेलेल्या मानसाचं कशाला उकरायचं आता?" आणि पुढचा विषय घेतला.

बाहेर अंकुश उभा होता. सभेत मागं बसलेला, मला दिसला नव्हता. कुबडी काखेत.

"मला तवाच कावून न्हाई सांगितलं?" तो म्हणाला.

मी हातातल्या अहवालाची घडी घालत राहिलो.

"दोनदा गेलतो मी त्याच्या टपरीवर. दवाखान्यातून सुटल्या सुटल्या गेलतो. आईवरनं शिव्या दिल्या. जातीवरनं बी दिल्या."

"काय म्हणाले ते?"

"काईच न्हाई. माझी कुबडी मागितली. खालचं रबर निघून गेलतं, नुस्तं लाकूड घसरत व्हतं. त्यानं टायरचा तुकडा कापला, बारके खिळे ठोकले. मी टपरीचा खांब धरून उभा, शिव्या देतोयच. त्यानं जमिनीवर टेकवून बघितली अन् हातात दिली."

"आणि दुसऱ्यांदा?"

अंकुशनं खाली बघितलं.

"दुसऱ्यांदा शिव्या द्यायला त्याच कुबडीवर गेलतो."