मामाचं सुतक

कावेरीच्या दोन्ही काठांवर मिळून माझ्या मामाइतका एका बाईच्या नादी लागलेला माणूस दुसरा झाला नसेल, आणि हे सगळं मामीच्या डोळ्यांदेखत, बहुतेक वेळा मामीनेच भरून दिलेल्या चिंचभाताच्या डब्यासकट चालायचं. बाई म्हणजे पापनाशमच्या, तमिळ संगीत नाटकांतल्या नायिका. देवळांच्या उत्सवांत रात्रभर चालणारी ती नाटकं. त्यात त्या कधी राणी असायच्या, कधी रानातली मुलगी, आणि त्यांनी तोंड उघडलं की पेंगणारं अख्खं गाव उठून बसायचं म्हणे. मामा त्यांचं नाव कधी उच्चारायचा नाही, 'बाईसाब' म्हणायचा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला आदराचं याहून मोठं नाव सुचलं नसावं. "मामी, तुज हेवा नाही वाटला?" असं मी एकदा विचारलं होतं. मामी तांदूळ निवडत म्हणाली, "हेवा कसला? हे नाटकाला गेले की घरात घोरणं नाही. मज तेवढीच झोप."

मामाने ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत कारकुनी केली असं सगळे सांगतात, पण त्याची खरी नोकरी बाईसाबांच्या गळ्याची होती. उद्या नाटक असलं की मामा आज दही खायचा नाही. गार पाणी नाही, लोणचं नाही, भर उन्हाळ्यात पंखासुद्धा बंद. घसा बाईसाबांचा आणि पथ्य मामाचं. तंजावुरात दहीभाताशिवाय पानावरून उठलेला माणूस एक तर आजारी असतो नाहीतर रुसलेला, त्यामुळे शेजारीपाजारी चौकशीला यायचे. एकदा कुणाच्या तरी बारशाला यजमानीणबाईंनी आग्रह करून त्याच्या पानात दही वाढलंच, आणि नेमका दुसऱ्या दिवशी बाईसाबांचा वरचा स्वर फाटला. मामाने त्या घराशी कित्येक महिने बोलणं टाकलं होतं. जगातले बाकीचे आवाजही तो बाईसाबांच्या आवाजाशी ताडून बघायचा. भोंगा बेसूर म्हणून ओरत्तनाडुची बस सोडून द्यायचा, आणि उशीर का झाला असं साहेबांनी विचारलं की "बस होती, पण तीत बसवेना" असं खरं उत्तर द्यायचा. मामीच्या कुकरची शिटी मात्र बाईसाबांच्या षड्जाला लागते, असं त्याचं मत होतं. मामीने तो कुकर अजून बदललेला नाही.

एवढं सगळं असून तो बाईसाबांशी कधी एक शब्द बोलला नाही. नाटक संपलं की लोक त्यांना बघायला रंगपटाकडे धावायचे आणि हा आपल्या चपला शोधायला लागायचा. त्यांची पदं त्याला तोंडपाठ होती, पण गुणगुणायचासुद्धा नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "देवाचं ताट उष्टं करूं काय?"

बाईसाब गेल्या त्या नेमक्या माझ्या निश्चितार्थाच्या आठवड्यात. निश्चितार्थ म्हणजे तुमचा साखरपुडा. आमच्याकडे त्या दिवशी मुलीचा हात धरून तिला सभेत आणायचं ते मामाने. मला वडील नाहीत. शाळेच्या दारापर्यंत सोडणारा, तापात उशाशी बसणारा, गणितात नापास झाले तेव्हा आईला खोटं सांगणारा, सगळा मामाच. त्यामुळे त्या दिवशी हात दुसऱ्या कुणाचा असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. फोनवर बातमी आली आणि मामी न्हाणीत पाणी काढून आली. मामा डोक्यावरून न्हाला, ओलेत्याने बाहेर आला आणि म्हणाला, "मज सुतक अहे. मी कार्याला शिवणार नाही." त्याने दाढी करणं सोडलं, देवपूजा बंद केली आणि ओसरीवर चटई टाकून बसला. आईचा पारा चढला. "अण्णा, काय करूलालास हे? कोण लागत होती ती तुझी? गोत्र काय, नातं काय?" भटजींना बोलावलं, तर त्यांनी पोथी न उघडताच सांगितलं की असलं सुतक शास्त्रात नाही. मामा म्हणाला, "शास्त्राने नाटक बघितलं नाही." मी रडले, रुसले, तू नसशील तर मला निश्चितार्थच नको म्हणाले. तोही माझ्याबरोबर रडला, पण चटईवरून उठला नाही.

शेवटी मामीने चपला घातल्या. "चला पापनाशमला. ज्यांच्या घरचं सुतक, त्यांनाच पुसूं." पापनाशम म्हटल्यावर मामा चटईवरून उठला, आणि आम्ही तिघं बसने गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. बाईसाबांची मुलगी पुढे आली आणि तिने तमिळमध्ये हळूच विचारलं, "तुम्ही अम्माचे कोण?" आईने विचारला तोच प्रश्न, पण हिचे डोळे रडून सुजलेले होते. जन्मभर ज्या नात्यासाठी दही सोडलं त्याला नाव काय द्यायचं, हे मामाला सांगता येईना. मग मामी म्हणाली, "हे ऐकणारे."

मुलगी दारातून बाजूला झाली. मग तिने आम्हाला आत बसवलं. "अम्माचं गाणं कुठेच साठवलेलं नाही," ती सांगू लागली. "टेपच्या यंत्रापुढे बसवलं की अम्माचा गळा उघडायचाच नाही, समोर ऐकणारं माणूस लागतं म्हणायची. आणि आम्ही पोरं पडद्यामागे कपड्यांच्या पेट्यांवर झोपलेली. मी अम्माचं एकही नाटक शेवटपर्यंत ऐकलं नाही. राणी घर सोडून निघते तेव्हाचं पद होतं ना, ते कसं होतं?"

मामाने मामीकडे बघितलं आणि तो गायला लागला. त्याला गाताना मी आयुष्यात प्रथमच ऐकलं, आणि तो का गात नसे तेही लगेच कळलं. भोंग्यापायी बस सोडणाऱ्या त्या माणसाचा एकही स्वर जागेवर नव्हता. पण शब्द न् शब्द होता, आणि बाईसाब जिथे श्वास घ्यायच्या तिथेच तो श्वास घेत होता. मधे एका ठिकाणी तो थांबला. डोळे मिटून बसलेली मुलगी म्हणाली, "हो. इथे ती अशीच थांबायची." झोपेत का होईना, तिच्या कानावर ते पडलेलं होतं. मामीने तिला मामाच्या सुतकाचं आणि माझ्या निश्चितार्थाचं सांगितलं. निघताना मुलीने मामाला दारापर्यंत पोचवलं. "अम्माचं सुतक आम्ही धरतो. तुम्ही तुमच्या मुलीचा हात धरा." परतीच्या बसमध्ये मामा म्हणाला, "वरचा स्वर चुकला." मामी म्हणाली, "खालचेही चुकले."

निश्चितार्थाला मामा दाढी करून, नवी वेष्टी नेसून आला. मला सभेत नेताना त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की कोण कुणाला आणतंय ते लोकांना कळलं नसेल. आता मी चेन्नईत असते आणि तंजावूर वर्षाकाठी एखाद्या वेळी घडतं. बाईसाबांना मी कधी ऐकलं नाही, तरी त्यांच्या आवाजासाठी जीव तुटतो, आणि तो जगात आता फक्त मामाच्या बेसूर गळ्यात उरला आहे. मी फोन करून त्याला ते पद म्हणायला लावते. आधी आढेवेढे घेतो, मग म्हणतो. पण हल्ली त्याला विसरायला होतं. कालही म्हणता म्हणता तो मधेच थांबला. तिथे बाईसाब थांबायच्या म्हणून थांबला की पुढचं आठवेना म्हणून, हे मला कळलं नाही. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.