डिग्रीची चौकशी

बी.ए.चा निकाल लागला त्या वर्षी माझ्या नावे दोन पत्रं एकाच आठवड्यात आली. एक नाशिकच्याच बी.एड. कॉलेजचं, दुसरं एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचं. ते विद्यापीठ एस.टी.नं आठ तासांवर होतं. दोन्हीकडे निवड झाली होती आणि दोन्हीकडे पैसे भरायची मुदत जवळजवळ एकच होती.

आम्ही नाशिक रोडला राहायचो. बाबा सरकारी प्रेसमध्ये होते. छापून आलेल्या कागदांतले दोष शोधायचे, हे त्यांचं काम. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. नव्वदच्या दशकातल्या आमच्या कॉलनीत जवळजवळ प्रत्येक घरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार यायचा. पगार नसलेला मोठा माणूस म्हणजे आजारी तरी, नाहीतर ज्याच्याबद्दल हळू आवाजात बोलावं असा कोणीतरी. नाटकाची हौस मात्र सगळ्यांना होती. कॉलनीच्या गणपतीत मी सलग सहा वर्षं काम केलं होतं आणि प्रेसमधले काका लोक बाबांना थांबवून माझं कौतुक करायचे. त्या कौतुकाच्या जोरावर मी घरात न सांगताच विद्यापीठाचा फॉर्म भरला होता.

आईनं पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून टीव्हीवर ठेवलं.

"दोन वर्षं हॉस्टेल, खाणं, फी. ते करू आपण. पण पुढे काय?" ती म्हणाली.

"पुढे नाटक करेन."

"नाटक तर तू आत्ताही करतेस. डिग्री घेऊन काय करशील ते विचारतेय."

मी चिडून म्हणाले, "तुला शाळेत जायला रोज आवडतं का गं?"

"नाही आवडत," आई शांतपणे म्हणाली. "कोणी विचारलं नाही कधी. पण मला बरं नव्हतं त्या महिन्यातही पगार आला होता, हे तुला आठवत नसेल. मला आठवतं."

त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. जिन्यात कोणी भेटलं की "काय ठरलं मग?" हा प्रश्न यायच्या आतच मी खाली बघायची. खरं सांगायचं तर मी बाबांच्या नकाराची वाट बघत होते. त्यांनी एकदा 'जायचं नाही' म्हटलं असतं, तर मी रडले असते, बी.एड. केलं असतं आणि जन्मभर त्यांना दोष देऊन मोकळी झाले असते.

बाबा नाही म्हणाले नाहीत. मिक्सर घेताना चार घरी जाऊन विचारणारा तो माणूस. त्यांनी इकडेतिकडे चौकशी केली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, "घोटीला एक जण आहेत. हीच डिग्री केलेली आहे त्यांनी. उद्या मी रजा टाकतोय. आपण त्यांना भेटून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही घोटीला उतरलो. ते गृहस्थ बाजारपेठेच्या टोकाला भाताची गिरणी चालवायचे. वय चाळिशीचं. केसांवर, भुवयांवर कोंड्याची पिवळसर पूड बसलेली. यंत्राचा आवाज एवढा की बाबांना ओरडून बोलावं लागत होतं. ते गृहस्थ मात्र साध्या सुरात बोलायचे आणि त्यांचा शब्दन् शब्द ऐकू यायचा. असा कमावलेला आवाज एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "तुकडा तांदूळ वेगळा काढलाय, दुसऱ्या पोत्यात आहे."

त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत बसवलं, चहा सांगितला. बाबांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी प्रश्न लिहून आणले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डिग्रीनंतर पहिलं काम कधी मिळालं?"

"पैसे मिळतील असं? सव्वा वर्षानं."

"तोपर्यंत?"

"मुंबईत मित्राच्या खोलीवर. घरून तांदूळ जायचा." ते हसले. "तांदळाची कमी नव्हती, काका."

"तुमच्याबरोबर किती जण होते? ते आता काय करतात?"

त्यांनी बोटांवर मोजलं. एक जण मालिकांत दिसतो. एक कॉलेजात शिकवतो. एक बँकेत लागला. दोन मुली होत्या, त्यांची लग्नं झाली, पुढचं माहीत नाही. बाकीच्यांचा पत्ता नाही. मोजता मोजता त्यांचा आवाज थोडा खाली आला. बाबा प्रत्येक उत्तर पेन्सिलीनं लिहून घेत होते. 'पत्ता नाही' हेसुद्धा त्यांनी लिहिलं.

"आणि तुम्ही परत का आलात?"

"वडिलांना अर्धांगवायू झाला. गिरणी बंद पडली असती. सहा महिन्यांसाठी आलो होतो."

"पस्तावा होतो का?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

त्यांनी दारातून यंत्राकडे बघितलं. यंत्राची घरघर चालूच होती. मग म्हणाले, "डिग्रीचा नाही होत. इथे आल्यावर, इथे काय नाटक करणार, असं म्हणत दहा वर्षं बसून राहिलो, त्याचा होतो."

मग ते माझ्याकडे वळले. "तुला तिथे काय शिकायचंय?"

"अभिनय."

"ते सगळेच सांगतात. प्रकाशयोजना बघितलीयस कधी? सेट उभा केलायस?"

"नाही."

"मग तुला नाटकातलं फक्त टाळ्यांचं टोक माहितीय." ते बोलणं लागट नव्हतं, पण मला लागलं. माझे डोळे भरले आणि कोंड्यानं झोंबतात असं दाखवून मी पुसले.

परतीच्या गाडीत देवळालीपर्यंत बाबा तो कागद परत परत वाचत होते. मग बाबा म्हणाले, "माणूस खरं बोलला."

"म्हणजे जाऊ नको?"

"तसं नाही म्हटलं मी. दोन वर्षांचा खर्च मी करीन. त्याच्या पुढचं मला काही दिसत नाही. तू ठरव."

मला त्यांचा रागच आला. एकवीस वर्षांच्या मुलीवर एवढं ओझं टाकतात का, असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच बँकेत गेले. डिमांड ड्राफ्ट काढायचा होता. दोन्हीकडची रक्कम वेगळी होती, पण बाबांनी मोठ्या रकमेचा चेक दिला होता आणि वर एक शब्दही बोलले नव्हते. ड्राफ्टच्या फॉर्मवर मी तारीख लिहिली, आमचा पत्ता लिहिला. 'कोणाच्या नावे' ही ओळ कोरी ठेवून रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. असं तीनदा झालं. शेवटी काउंटरवरच्या माणसानं चष्म्यावरून बघत विचारलं, "ताई, काढायचाय ना ड्राफ्ट?"

मी तिथेच उभ्या उभ्या 'कुलसचिव' आणि पुढे विद्यापीठाचं नाव लिहिलं. धाडस वगैरे काही वाटलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्यासाठी जाड पांघरूण कुठलं द्यायचं ते शोधायला लागली.

पहिल्याच सत्रात कळलं की मी बेताची नटी आहे. कॉलनीतलं कौतुक कॉलनीपुरतंच होतं. सरांनी तसं तोंडावर सांगितलं. त्या रात्री फोन करून परत येते म्हणावं असं दहादा वाटलं, पण एसटीडी बूथपर्यंत जाऊन परत फिरले. काहीतरी करायचं म्हणून प्रकाशयोजनेच्या गटात शिरले. शिडीवर चढायला बाकीच्या मुली तयार नसायच्या. मी चढायची. दिव्याचा कोन चार बोटं हलवला की समोरच्या माणसाचा चेहरा किती बदलतो, हे वरून बघताना मला पहिल्यांदा भीती नसलेला एक तास मिळाला.

डिग्री घेऊन परत आले आणि पुढचं दीड वर्ष अगदी वाईट गेलं. माझ्याबरोबर बी.ए. झालेल्या मैत्रिणी बी.एड. करून शाळांत लागल्या होत्या. मी सकाळी उशिरा उठायची, म्हणजे आई-बाबा कामावर गेल्यावर, त्यांच्यासमोर रिकामं बसायला नको म्हणून. मग हौशी नाटकवाल्यांची लाइटची दोन-चार कामं मिळाली, त्यातून शाळांची स्नेहसंमेलनं. हळूहळू जिल्हाभर फिरायला लागले. दिवाळीपासून मार्चपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसायचा. एप्रिल उजाडला की फोन वाजायचा बंद व्हायचा आणि मी शाळांना स्वतःहून फोन लावत बसायची.

बाबा निवृत्त झाल्यावर एकदा माझ्याबरोबर नामपूरला आले होते. एका शाळेचं संमेलन होतं. टेम्पोतून दिव्यांचं सामान उतरवत होतो तेवढ्यात शाळेचे शिपाई आले आणि बाबांना अहिराणीत विचारू लागले, "लाइटवाला कोठे शे?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. शिपाईमामांना ते पटलं नाही. ते बराच वेळ टेम्पोच्या मागे कोणी पुरुष आहे का ते बघत राहिले.

दुपारभर बाबांनी केबल सोडवून दिल्या, प्रत्येक जोड दोनदा तपासला. एका ठिकाणी वायरचं आवरण चिरलेलं त्यांनीच शोधलं. मी ते बघितलं नव्हतं. कार्यक्रम नीट पार पडला. येताना सटाण्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "यानंतर कुठे?"

"अजून काही नाही. मार्चअखेर एक येईल बहुतेक."

"बहुतेक," ते म्हणाले. त्यांनी चहा संपवला आणि टेम्पोच्या मागे जाऊन सामानाची दोरी पुन्हा एकदा ओढून बघितली.

मार्चअखेरचं ते काम आलं नाही. मे महिन्यात दुसरं आलं.