कीबोर्ड काढूनही दाबलं गेलेलं बटण

आधीच सांगते, मी असलं काही मानत नाही. खामगावात चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय. मशीन अडलं की लोक लिंबू ओवाळतात आणि मी केबल घट्ट करते. आजवर केबलच जिंकलीय. तरीही हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्याच हातून.

गेल्या उन्हाळ्यात वडनेर भोलजीच्या विमलकाकूंनी बोलावलं. त्यांचे मिस्टर गावचे फोटोग्राफर, वारून सहा महिने झालेले. त्यांचा कॉम्प्युटर सारखा अडकत होता. गावातल्या कितीतरी गेलेल्या माणसांचा एकुलता एक फोटो त्याच डिस्कवर... दुसरी कॉपी कुठेच नाही.

"पयले फोटो काढून घे बाई," काकू म्हणाल्या. "हे नेहमी म्हनत, पयले कॉपी, मंग बाकी."

"डिस्क चेक झाला का कॉपी लवकर होते काकू. काही होत नाही," मी म्हटलं. घाई माझीच होती.

डिस्कची तपासणी करणारा चेक लावला, मशीन रीस्टार्ट केलं. काळ्या स्क्रीनवर सूचना आली — चेक टाळायचा असेल तर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा. दहा, नऊ, आठ, सात... आणि कोणी हात न लावता चेक रद्द. विंडोज सुरू.

एखादं बटण अडकलं असेल, म्हणून कीबोर्ड काढून खुर्चीवर ठेवला. चेक पुन्हा लावून माउसही काढला. पुन्हा सातवर रद्द. पुढच्या वेळी माउस फक्त चेक लावायला जोडला आणि लगेच काढला. तरीही सातवरच.

चार वेळा हेच झालं. मला भीती नाही वाटली, राग आला. स्क्रीनकडे बघून म्हटलं, "दाब किती दाबतं तं. मीबी हटत नाही."

काकू दारातच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "कॉपी कर ना व बाई."

त्यांच्या समाधानासाठी केली. शेवटचा फोल्डर उतरायला दुपारचे चार वाजले. मग पुन्हा चेक लावला, कीबोर्ड-माउस काढले, रीस्टार्ट केलं. या वेळी आकडे थेट शून्यापर्यंत गेले. चेक सुरू झाला. अठरा टक्क्यांवर डिस्कमधून टक-टक आवाज आला आणि ती गप्प झाली. त्यानंतर ती कुठल्याच मशीनला दिसली नाही.

सकाळी माझं चाललं असतं तर एक फोटो उरला नसता.

"यायनंच थांबोलं," काकू मिस्टरांबद्दल म्हणाल्या.

"कीबोर्ड जोडाचं पोर्ट खराब असंल काकू."

"असंल," म्हणून त्या चहा ठेवायला गेल्या.

मशीन मी दुकानात आणलं. नवीन डिस्क टाकून तोच चेक लावला, पहिल्या झटक्यात चालला. पोर्ट, बोर्ड, पॉवर सप्लाय... सगळं तपासलं. दोष सापडला नाही.

'योगायोग' म्हणणाऱ्यांनी कीबोर्डशिवाय बटण दाबून दाखवावं. 'काका आले होते' म्हणणाऱ्यांनाही माझा नकारच आहे. माझ्याकडे उत्तर नाही, आणि नुसतं बरं वाटावं म्हणून मी ते बनवणारही नाही.