हिरव्या गाडीचे मडगार्ड

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोरींना नाही, जावयांना नाही, संग काम करणाऱ्या माणसांना तर नाहीच. बायकोला, रुखमाला, सांगायची वेळ आली नाही. तिनं स्वतःच ओळखलं होतं. ती गेली त्याला तीन वर्षं होतात. म्हणजे हे माहीत असलेला मी एकटाच उरलो — आणि आता तुम्ही.

मी चौथी शिकलेला माणूस. जमेल तसं लिहितो. गणेशपेठेत माझं गाड्यांच्या डेंटिंगचं टिनाचं शेड होतं. पत्रा ठोकणारे पुष्कळ होते, पण माझा कान चांगला होता. हातोडीच्या दांड्यानं पत्र्यावर टिचकी मारायची — टण्ण वाजला तर पत्रा जिवंत, बद्द वाजला तर आतून सडला, वरून रंग कितीही चमको. दुसरे मिस्त्रीसुद्धा गाडी माझ्याकडे ऐकायला आणत. माझ्या शब्दावर कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. हे मोठेपणा म्हणून नाही सांगत. खोटं मी याच्याच जोरावर बोललो.

इमर्जन्सी उठून दोन-एक वर्षं झाली असतील. धरमपेठेतल्या एका डॉक्टरांची गाडी आली. दोन सीटची, उघडी, गर्द हिरवी, जुनी विलायती. डॉक्टर वारले होते. गाडी त्यांच्या बाई स्वतः चालवत घेऊन आल्या. समोरच्या डाव्या मडगार्डला पोचा पडला होता. तो काढायचा आणि होता तोच रंग द्यायचा — एवढंच काम.

मी तेव्हा नवीन नवीन, पत्र्याऐवजी फायबरचे भाग बनवायला शिकलो होतो. रद्दीतल्या एका मासिकात रेसच्या गाडीचा फोटो सापडला होता. रुंद फुगलेले मडगार्ड, समोर खाली पट्टी, मागे शेपटी. तो कापून मी शेडच्या भिंतीला चिकटवला होता. बाईंना दाखवला. म्हटलं, अशी करून देतो, नागपुरात कोणाकडे नसेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, नको, आहे तशीच राहू द्या.

मग? नको म्हटलं तर नको, एवढं साधं होतं ना?

दोन दिवस मी त्या गाडीभोवती फिरत राहिलो. टिचकी मारली. टण्ण. डावा टण्ण, उजवाही टण्ण. तसा पत्रा पुन्हा माझ्या हाताखाली आला नाही. आणि तिसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा मी म्हणालो, ‘‘बाई, समोरचे दोन्ही मडगार्ड आतून सडले. ठोकले तर हातात येतील.’’

त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला. म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर असेल.

बोल्ट खोलून मी दोन्ही मडगार्ड अखंड उतरवले आणि भिंतीवरच्या फोटोसारखे फायबरचे बसवले. खाली पट्टी, मागे शेपटी. गाडी सुधारली की बिघडली? लोकांना विचाराल तर सुधारली. कॉलेजची पोरं सायकली थांबवून बघत. कामात खोट नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण ती गाडी माझ्या हौसेसाठी नव्हती.

बाई आल्या. गाडीत बसल्या. स्टिअरिंग धरून बराच वेळ समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘इथून मडगार्डची गोल पाठ दिसायची, मिस्त्री. ह्यांनी मला तिच्यावरूनच रस्त्याची कड ओळखायला शिकवलं होतं. आता कड कळत नाही हो.’’

रागावल्या नाहीत. जुने मडगार्ड तेवढे मागितले — सडके असले तरी चालतील म्हणाल्या. मी म्हटलं, भंगारात गेले.

ते माझ्या घरी माळ्यावर होते, पोत्यात गुंडाळून. विकायला जीव झाला नाही, आणि परत दिले असते तर कोणीही वाजवून पाहिले असते. मग माझा कान काय राहिला असता?

रुखमाला ते दिवाळीच्या साफसफाईत सापडले. डेंटरची बायको ती. पोळ्या उलटायचा लोखंडी सराटा हातात होता, तोच उलटा करून तिनं टिचकी मारली. मी खाटेवर बसून ऐकलं.

‘‘हा तं चांगला पत्रा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्या बाईले खोटं काहून सांगतलं तुमी?’’

‘‘चूप राह्य वं.’’

‘‘बोल्टच तं लावाचे हायेत. देऊन या. मी येतो संगं.’’

एका दिवसाचं काम होतं. मी गेलो नाही. गाडी बाईंच्या फाटकाआड ताडपत्रीखाली उभी दिसायची. बाई सायकलरिक्षानं बाजारात यायच्या, मी दिसलो की नमस्कार करायच्या. मीही करायचो. मग कधीतरी गाडी रायपूरकडच्या कोणाला विकली गेली, आणि बाई पुण्याला भावाकडे गेल्या, तिकडेच वारल्या असं ऐकलं.

रुखमा त्यावर पुन्हा एक शब्द बोलली नाही. फक्त दर दिवाळीला मडगार्ड खाली उतरवायची, घासलेटनं पुसायची, मोबिल ऑइल चोळायची आणि पोत्यात बांधून परत वर ठेवायची. इतकी वर्षं. तिला वाटत होतं का, मी कधीतरी जाईन म्हणून? मी विचारलं नाही. मी खाटेवर बसून बिडी ओढायचो.

ती गेल्यावर तीन दिवाळ्या झाल्या. माळा मी उघडला नाही. वरचं टिन गळतं हे माहीत होतं.

परवा उघडला. पोतं कुजून मडगार्डला चिकटलं होतं. दोन्ही अंगणात आणून ठेवले आणि हातोडीचा दांडा घेऊन डाव्यावर टिचकी मारली.

बद्द.

उजव्यावर मारली. तोही बद्द. बोटानं दाबलं तर बोट आत गेलं.

मी बाईंना सांगितलं होतं, तसेच झाले आता.