थंड हात, गरम हात

पवनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या गोदावरीबाईंनी जन्मात कोणाला ठोसा मारला नाही, पण त्यांच्याशिवाय दोन घराण्यांची बॉक्सिंग सुरू होत नसे. असं का, हे कळेपर्यंत मला चैन पडलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड मला पहिल्यापासूनच.

बाईंचे वडील सिहोऱ्याचे, सासरे पवनीचे. दोघंही तरुणपणी कामठीच्या छावणीत कामाला होते. तिथेच बॉक्सिंग शिकले आणि तिथूनच भांडत परतले. पुढे सोयरीक झाली तरी चुरस काही मिटली नाही. दरवर्षी चिखलात वाकून करायची धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपली, की दोन्ही घरांतला एकेक गडी उतरायचा. ग्लोव्हजच्या आत हाताला पट्टी बांधतात. त्या पट्टीत समोरचा खडा लपवेल, असा दोघांनाही संशय. म्हणून एका घरची लेक आणि दुसऱ्या घरची सून असलेल्या गोदावरीबाईंनी जुनं लुगडं फाडून दोघांचेही हात बांधायचे. हात अधू आहे असं त्या म्हणाल्या, की तो गडी हरला. त्यांचा शब्द शेवटचा.

१९७७ साली त्यांचा मुलगा मंगरू आणि भाचा सेवकराम समोरासमोर आले. सेवकरामचं मनगट हातात घेतलं आणि बाई थांबल्या.

"हा हात मोडला आहे. हा नाही लढत."

सेवकरामचे वडील, म्हणजे बाईंचे भाऊ यादोराव, भडकले. "रोवणीचा हात आहे तो! साऱ्यांचेच सुजले आहेत. आपल्या पोराले जिंकवून राहिली का तू?"

मंगरू न लढताच जिंकला. यादोरावांनी हट्टानं सेवकरामला दवाखान्यात नेलं नाही. हाड वाकडं जुळलं. खरं काय ते सगळ्यांना दिसलं, तरी बॉक्सिंग बंद पडली आणि बाईंचं माहेरही तुटलं.

"तुम्हाला कळलं कसं?" मी एकदा विचारलंच.

"चिखलानं सुजलेला हात थंड राहते. त्याचा तापला होता."

"मग गप्प बसायचं ना! माहेर तरी राहिलं असतं."

"अन् पोराचा हात?" बाई माझ्यावरच खेकसल्या.

एवढी करारी बाई, पण दर भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार ठेवायची आणि अंधार पडला की मुकाट्यानं उचलायची. मला ते बघवत नसे.

१९८४ च्या भाऊबीजेला यादोराव एसटीतून उतरून थेट बाईंच्या अंगणात आले. घरात काही शिरेनात. उजवा हात पुढे करून उभे राहिले.

"गोदा, पाहून दे बरं. धान कापता कापता लागलं काहीतरी."

बाईंनी तो हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही. मी कुंपणापाशी उभा राहून निर्लज्जासारखा बघत होतो.

"मोडला आहे, दादा," त्या म्हणाल्या. "चाल घरात. बांधून देतो."

दुसऱ्या दिवशी यादोराव पट्टी बांधलेला हात सांभाळत एसटीत बसले. मी लगेच बाईंना गाठलं. "खरंच मोडला होता?"

"थंडगार होता," बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.