हत्तुरे सर : ज्याचा प्रश्न, त्याचे व्याख्यान

हत्तुरे सरांचे पहिले दर्शन मला त्यांच्या रविवारच्या अभ्यासमंडळात घडले. मी चिंचोळी एमआयडीसीत फिटर; शाळा दहावीपर्यंत, पुढचे सारे वाचून कमावलेले. त्या दिवशी सर दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेबद्दल बोलत होते. दक्षिणेकडच्या स्पेनच्या वसाहती स्वतंत्र होत होत्या, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी युरोपातील राजांना बजावले : इकडे आता नवी वसाहत नको; तुमच्या भांडणांत आम्हीही पडणार नाही.

मी हात वर केला. "सर, त्यांच्याकडं तेवढं आरमार होतं का? नसंल तर हा दम कुणाच्या जिवावर?"

सर खुलले. "लई नेमकं विचारलंत की. पुढल्या रविवारी तुम्हीच सांगा."

मंडळाची रीतच तशी : ज्याचा प्रश्न, त्याचे व्याख्यान. पण एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "सर, निदान पदवी तरी बघा. उद्या कुणीही उभं राहील हितं."

"राहू द्या की. चुकले तर बसवायला तुम्ही आहातच."

तेव्हा माझे हसे झाले असते, तर मंडळाचा जिना मी पुन्हा चढलो नसतो. सरांनी घरची पुस्तके दिली. उत्तर मात्र दिले नाही. विचारले तर म्हणाले, "तुमची मजा मी कशाला घालवू?"

रविवारी स्वतः रंगवलेला नकाशा टांगून बोललो. ब्रिटनला त्या स्वतंत्र होणाऱ्या वसाहतींतला व्यापार हवा होता, म्हणून स्पेनची सत्ता परतायला नको होती. दोघांनी मिळून जाहीर करू, ही सूचनाही ब्रिटनचीच. अमेरिकेने ती बाजूला ठेवून एकटीनेच घोषणा केली. शब्द अमेरिकेचे, आरमार ब्रिटनचे.

मुख्याध्यापक उठले. "नकाशात क्यूबा स्वतंत्र दाखवलाय. तो स्पेनकडंच होता की."

खरेच होते. तपशिलात मी एरवी कुणाला सोडत नाही. माझे कान तापले. तेवढ्यात तेच पुटपुटले, "पण मग अमेरिकेनं क्यूबा स्पेनकडं राहू कसा दिला?"

सरांनी हात जोडले. "गुरुजी, पुढला रविवार तुमचा. नकाशा यांच्याकडूनच घ्या, दुरुस्त करून."

सभा हसली, गुरुजीही हसले. त्या आठवड्यात ते माझ्या घरी आले. असलेल्या वसाहतींना हात लावणार नाही, हे त्याच घोषणेत होते; ते आम्हाला एकत्रच सापडले. क्यूबाला स्पेनचा रंग गुरुजींनी दिला, कड मी सरळ केली.

दोन हट्टी माणसांना एका टेबलाशी बसवणाऱ्या सरांना पंच्याहत्तरीनंतरही उदंड, निरोगी आयुष्य लाभो. डोळ्यांनी वाचनाला साथ द्यावी, गुडघ्यांनी जिन्याला. बाकीचे आम्ही दोघे बघून घेऊ.